बिनचालकाच्या गाडीतले बोटवाले काका

घरातून निघताना काका गॅसकडे बोट दाखवायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "गॅस बंद." मग नळाकडे बोट, "नळ बंद." दाराबाहेर आल्यावर कुलपाकडे, "कुलूप लागलं." आणि जिना उतरण्याआधी स्वतःच्याच खिशाकडे, "चष्मा आहे." वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ "कुलूप लागलं" हे शब्द कानावर आले की दाढीचं पाणी गरम करायला ठेवत. काकांना सुट्टी असली की त्या गृहस्थांना हमखास उशीर व्हायचा.

"आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा फोटो बघा," काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. "सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. हे एकटे कॅमेऱ्याकडे बोट दाखवतायत."

हे खूळ काकांनी आईच्या पोटातून आणलं नव्हतं. ते नोकरीतलं होतं. काका सव्वीस वर्षं मेट्रोची गाडी चालवत होते, आणि गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी वर्गात सांगितलं होतं, "डोळा लबाड असतो. तो बघतो एक आणि मनाला कळवतो दुसरंच. बोट बिचारं प्रामाणिक आहे. बोट जिथे जाईल तिथे डोळ्याला जावंच लागतं, आणि तोंडानं बोललं की मनालाही तिथे यावंच लागतं." म्हणून प्रत्येक स्टेशनात चार वेळा बोट उचलायचं आणि चार वेळा बोलायचं. गाडी शिरताना "फलाट मोकळा". थांबताना पाटीकडे बघून "थांबा आला". मग "दारं बंद". आणि निघताना "वाट मोकळी". स्टेशनं एकोणीस. दिवसाच्या सात फेऱ्या धरल्या तर काकांचं बोट रोज पाचशेवर वेळा वर जायचं. तेवढं बोट त्यांनी पेटीवर चालवलं असतं तर एव्हाना गवई झाले असते.

बाकीच्या चालकांनी हळूहळू हे सोडून दिलं होतं. तपासनीस गाडीत असला की त्यांची बोटं वर जायची, तो उतरला की खाली. काकांना मात्र असं अर्धवट करता यायचं नाही. ते हुशार होते म्हणून नव्हे, तर त्यांचा स्वतःवर फारसा विश्वास नव्हता म्हणून. "इतरांना न दाखवता दिसत असेल," ते म्हणायचे. "मला नाही बुवा दिसत."

मग नव्या गाड्या आल्या.

विजेवर तर जुन्याही चालायच्या, पण त्यांना हाकायला माणूस लागायचा. नव्यांना तोही नको होता. निघायचं केव्हा, थांबायचं कुठे, दारं किती वेळ उघडी ठेवायची, सगळं संगणकाच्या हाती. दूर कुठेतरी एका बंद खोलीत तीन माणसं पडद्यांसमोर बसून एकोणीस स्टेशनांवर नजर ठेवत. गाडीच्या तोंडाशी चालकाची जी अंधारी खोली असायची ती काढून टाकली. तिथे एक भलीमोठी काच आणि तिच्यामागे बाकं. आता कुणीही उठावं आणि चालक होऊन समोर बघत बसावं. पहिल्या आठवड्यात त्या बाकांसाठी मोठमोठ्या माणसांची भांडणं झाली. एका बँकेच्या मॅनेजरला तर आपली टोपी ठेवून जागा धरताना लोकांनी पाहिलं.

चाळीस चालकांपैकी काही घरी बसले, काही तिकिटाच्या खिडकीत गेले, काही यार्डात. सहाजणांना मात्र दोन वर्षांसाठी 'गाडीसोबती' असं नाव देऊन पुढेच ठेवलं. काकांच्या नोकरीचे चौदा महिनेच उरले होते. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा अर्ज केला. "मला पुढेच बसू द्यावे ही विनंती," एवढंच एक वाक्य. पाच कागद फाडून सहाव्यावर उतरलेलं. आणि ते मंजूर झालं.

गाडीसोबत्याचं काम सोपं होतं. पुढच्या कोपऱ्यातल्या लहान बाकावर बसायचं, घाबरलेल्यांना धीर द्यायचा, कोणी विचारलं तर सांगायचं. गाडी कधी अडलीच, तर समोरच्या खोक्याचं कुलूप उघडून ती गोगलगाईच्या चालीनं पुढच्या स्टेशनापर्यंत न्यायची. एरवी कशालाही हात लावायचा नाही. हे शेवटचं वाक्य नियमाच्या कागदावर दोनदा अधोरेखित केलेलं होतं.

काकांनी कशालाही हात लावला नाही. फक्त बोट दाखवलं.

म्हणजे त्यांनी ठरवून दाखवलं असं नाही. गाडी स्टेशनात शिरली आणि सव्वीस वर्षांच्या सवयीनं हात आपोआप वर गेला. "फलाट मोकळा." गाडी पाटीपाशी आली, "थांबा आला," आणि गाडी थांबली. दारं किती वेळ उघडी राहतात हे काकांच्या अंगात इतकं मुरलं होतं की "दारं बंद" म्हणायला आणि दारं मिटायला एकच गाठ पडायची. "वाट मोकळी" म्हणून बोट समोर केलं की पुढच्याच क्षणी गाडी गूं करून निघायची.

मागे बसलेल्या लोकांनी हे पाहिलं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि जे कोणालाही वाटलं असतं तेच त्यांना वाटलं.

"बिनचालकाची म्हणतात," एकजण शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "पण बोटावर चालते हो."

"नवीन तंत्र आहे," शेजारी म्हणाला. त्याला काहीच माहीत नव्हतं, म्हणून तो खात्रीनं बोलला.

आठवड्याभरात काकांचं नाव 'बोटवाले काका' पडलं. गुडघ्याच्या व्यायामासाठी रोज दवाखान्यात जाणाऱ्या एक आजी होत्या. जाड भिंगांचा चष्मा, हातात काठी, आणि जीभ काठीपेक्षा कणखर. त्या काकांच्या मागच्याच बाकावर बसायच्या. एकदा पुढची गाडी रेंगाळली म्हणून ही गाडी स्टेशनात दोन मिनिटं थांबून राहिली. आजींनी काठीनं काकांच्या बाकाला टोचलं.

"भाऊ, उचला की बोट. मला उशीर होतोय."

"आजी, गाडी माझ्या बोटानं चालत नाही."

"बरं बरं."

"खरंच नाही. संगणक चालवतो."

"हो हो. मी कोणाला सांगणार नाही," असं म्हणून आजींनी डोळा मारला आणि दवाखान्यात जाऊन सगळ्यांना सांगितलं.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण एके दिवशी या मार्गाच्या प्रमुख मॅडमनी काकांना बोलावून घेतलं. मॅडमचं वय काकांच्या नोकरीहून थोडंच जास्त असेल. केस मानेपाशी कापलेले, आणि बोलणं त्याहून आखूड.

"काका, बसा. ही दोन पत्रं आलीयत. वाचते." त्यांनी पहिलं उचललं. "'आपण बिनचालकाची गाडी म्हणून जाहिरात करता. प्रत्यक्षात पुढे एक गृहस्थ बसून ती बोटाने चालवतात, हे मी स्वतः पाहिले आहे. ही जनतेची फसवणूक आहे.'"

काका खुर्चीच्या काठावर होते, ते आणखी काठावर आले.

"आता हे दुसरं. 'काल बोटवाले काका रजेवर होते, तरीही गाडी सोडण्यात आली. पुढे कोणीही बोट दाखवत नव्हते. आमच्या जिवाशी हा खेळ कशासाठी?'"

काकांना हसू येत होतं, पण मॅडमच्या चेहऱ्याकडे बघून ते त्यांनी गिळलं.

"मॅडम, मी लोकांना सांगतो हो. पण..."

"सांगू नका. बोट बंद करा. या गाड्यांसाठी आपण एवढा खर्च केला, एवढी मेहनत केली, आणि लोक म्हणतात बोटावर चालते. जुन्या गाडीला बोट हवं होतं. या गाडीला नकोय."

"जुन्या गाडीलाही नको होतं," काका हळूच म्हणाले.

"मग कोणाला हवं होतं?"

"मला," असं म्हणायचं काकांच्या ओठांवर आलं होतं. पण एवढ्या मोठ्या टेबलासमोर ते फारच लहान उत्तर वाटलं, म्हणून ते गप्प राहिले. आयुष्यातली त्यांची निम्मी उत्तरं अशीच ओठांवरून परत गेली होती.

"येत्या मंगळवारी सकाळी मी तुमच्यासोबत शेवटपर्यंत येते," मॅडम म्हणाल्या. "एकोणीस स्टेशनं. बोट एकदाही वर गेलं नाही तर तुम्ही पुढेच बसाल. गेलं, तर माझा नाइलाज आहे. हरवलेल्या वस्तूंच्या ऑफिसात एक जागा रिकामी आहे."

ते ऑफिस शेवटच्या स्टेशनाच्या तळघरात होतं. खिडकी नाही. तीनशे छत्र्या, एका पायाचे बूट, आणि कोणीतरी विसरलेलं एक गिटार. उरलेले महिने काका तिथे बसणार, आणि वर त्यांच्या डोक्यावरून गाड्या जात राहणार. "अजून एक वस्तू जमा झाली एवढंच," ते परतताना स्वतःशी म्हणाले, पण त्या विनोदावर त्यांना स्वतःलाच हसू आलं नाही.

मंगळवारला आठ दिवस होते. काकांनी सराव करायचं ठरवलं, आणि सराव करायचा तर घरापासूनच करायला हवा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही हात खिशात घातले, तोंड मिटलं आणि घराबाहेर पडले. त्या दिवशी नळ दुपारपर्यंत वाहत राहिला. इमारतीची टाकी रिकामी झाली आणि खालच्या मजल्यावरची बाई तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत भांडायला वर आली. तिसऱ्या दिवशी घर सताड उघडं राहिलं. चौथ्या दिवशी ते काकूंचा शिवणाचा चष्मा घालून कामाला गेले, आणि दिवसभर त्यांना जवळचं सगळं फार स्पष्ट आणि लांबचं सगळं धुक्यात दिसत होतं. वरच्या गृहस्थांची तर दाढीच थांबली.

काकू घरी बसून दवाखान्यातल्या परिचारिकांचे गणवेश शिवायच्या. त्यांचं मशीन खिडकीपाशी होतं, आणि ते थांबलं की घरात काहीतरी गंभीर घडणार हे काकांना ठाऊक होतं. चौथ्या संध्याकाळी ते थांबलं.

"इकडे बसा," काकू म्हणाल्या. "आणि माझा चष्मा आधी काढा. काय लपवताय?"

"काही नाही."

"अहो, तुमच्या 'काही नाही'ला मी छत्तीस वर्षं ओळखते. बोला."

काकांनी सगळं सांगितलं. काकू ऐकत होत्या आणि ऐकता ऐकता हातातल्या बाहीला टाचण्या टोचत होत्या. मॅडमचा उल्लेख आला की टाचणी जरा जोरात जायची.

"एवढंच ना? मग मी येते मंगळवारी. त्या मॅडमला दोन शब्द ऐकवते."

"अगं नको! पाया पडतो. तू आलीस की मी आणखी गोंधळेन."

"बरं, नाही येत."

"नक्की?"

"म्हटलं ना, नाही येत," असं म्हणून काकूंनी मशीन सुरू केलं. ज्या माणसाला यावरून त्या येणार आहेत हे कळलं नसतं, तो काकांइतकाच भोळा असायला हवा होता. काका निर्धास्त झोपले.

मंगळवार उजाडला. मॅडम वेळेवर आल्या आणि पुढच्या बाकावर बसल्या, मांडीवर त्यांचा टॅब्लेट. मागे आजी होत्याच. काकांनी खिशांवर विश्वास ठेवला नाही. दोन्ही तळहात सरळ मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर आपलं सगळं वजन टाकून बसले.

पहिलं स्टेशन गेलं. उजवा हात खाली हुळहुळला, पण वजन भारी होतं. दुसरं, तिसरं. चौथ्याला तोंडातून "फ" एवढं निसटलं. काकांनी ते खोकल्यात बुडवलं. मॅडमनी मान न वळवता काहीतरी टिपून घेतलं.

"भाऊ, आज बोट दुखतंय का?" आजींनी मागून विचारलं.

काकांनी मांड्या आणखी दाबल्या.

"मग गाडी चालवतंय कोण?"

"संगणक, आजी," मॅडम म्हणाल्या.

"तुम्हाला कोणी विचारलं?" आजी म्हणाल्या, आणि त्यांनी दोन्ही हातांनी समोरची दांडी गच्च धरली.

सहावं, सातवं. काकांना आता एक गंमत कळायला लागली होती, आणि ती त्यांना अजिबात आवडत नव्हती. समोरून स्टेशनं येत होती आणि जात होती, पण सगळी एकसारखी. डोळे उघडे होते, काच स्वच्छ होती, ऊनही होतं. तरी नुकतंच कोणतं स्टेशन गेलं हे कोणी विचारलं असतं तर त्यांना पाटी वाचायला मागे वळावं लागलं असतं. ओलं फडकं फळ्यावरून फिरावं तशी नजर सगळ्यावरून फिरत होती आणि मागे काही उरत नव्हतं. "म्हातारपण," काकांनी मनात म्हटलं. कुठलाही दोष दिसला की तो आधी आपल्या नावावर घ्यायचा, ही त्यांची जुनी रीत.

नववं स्टेशन आलं, गाडी थांबली, दारं उघडली, मिटली, गाडी निघाली. "छान चाललंय, काका," मॅडम पहिल्यांदाच जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "निम्मं झालं."

त्या नव्या गाड्या मधून आरपार मोकळ्या असायच्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाता यायचं. दहावं स्टेशन यायच्या आत मागच्या डब्यांकडून काहीतरी वादळ येतंय असं पुढच्यांना जाणवलं. लोक गुडघे आखडून घेत होते, पिशव्या बाजूला करत होते. त्या वाटेनं काकू आल्या. हातात भडक हिरवी छत्री, अर्धी उघडी, आणि तोंड पूर्ण उघडं.

"अहो! डोळे काय घरी ठेवून आलात?"

काका ताडकन उठले. उठल्यामुळे हात सुटले, पण त्यांना आता मुंग्या आल्या होत्या आणि ते नुसते लोंबत राहिले. "अगं तू? तू कुठून आलीस?"

"कुठून म्हणजे? आत्ता चढले. फलाटाच्या मधोमध उभी होते, गाडी शिरल्यापासून. ही छत्री उघडून नाचवत होते. छत्री काय, मीसुद्धा नाचत होते! अख्खा फलाट बघत होता. एका बाईनं तर टाळ्या वाजवल्या. आणि तुम्ही? सरळ माझ्यासमोरून गेलात, ओळख ना देख!"

"मला दिसली नाहीस."

"हेच! हेच म्हणतेय मी! गर्दीत माझी नुसती वेणी दिसली तरी ओळखणारा माणूस हा. आणि आज हिरवी छत्री दिसत नाही?"

"आपण कोण?" मॅडमनी विचारलं.

"मी यांची बायको. आणि यांचे हात बांधणाऱ्या मॅडम त्या तुम्हीच का?"

आता मॅडम रागावणार, असं काकांना वाटलं. त्यांना डोळ्यांसमोर तळघर दिसू लागलं, तीनशे छत्र्या, आणि त्यात ही तीनशे एकावी. पण मॅडम काकूंकडे नाही, छत्रीकडे बघत होत्या.

"ही छत्री उघडून तुम्ही फलाटावर उभ्या होतात?"

"मग काय खोटं सांगते?"

"तसं नाही. मी पण समोरच बघत होते." मॅडम म्हणाल्या. "मलाही दिसल्या नाहीत तुम्ही."

"मग दोघांनाही चष्मा लावा," आजींनी मागून निकाल दिला.

हातच्या काकणाला आरसा कशाला? मॅडमनी टॅब्लेट उघडला आणि नवव्या स्टेशनाच्या कॅमेऱ्यातलं मघाचं चित्र लावलं. काकू, काका, आजी, सगळे त्यावर वाकले. चित्रात गाडी येत होती. फलाटाच्या काचेच्या कुंपणाला खेटून काकू उभ्या होत्या, छत्री डोक्यावर, छत्री डावीकडे, छत्री उजवीकडे. मग त्यांनी टाचा उंचावल्या. मग चक्क उडी मारली.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "मी इतकी जाडी दिसते?"

"परत लावा हो," आजी म्हणाल्या. "ती उडी."

उडी परत लावली गेली. काका बघत होते. छत्तीस वर्षांत आपल्या बायकोनं आपल्यासाठी उडी मारल्याचं त्यांना आठवत नव्हतं, आणि जेव्हा मारली तेव्हा ते तिच्या समोरून हात मांडीखाली घालून निघून गेले होते. त्यांना हसावं की रडावं कळेना.

मॅडमना मात्र आता वेगळीच काळजी लागली होती. कुंपणाजवळ कोणी छत्री उघडून नाचू लागलं, तर पडद्यांसमोरच्या तीन माणसांपैकी एकानं तरी हटकायचं, असा नियम होता, आणि तो त्यांनीच लिहिला होता. त्यांनी फोन लावला. "नवव्या स्टेशनात आत्ता काही विशेष?" पलीकडून उत्तर आलं, "काही नाही, मॅडम. सगळं व्यवस्थित." मॅडमनी फोन ठेवला आणि टॅब्लेटवरची ती उडी पुन्हा एकदा लावून बघितली.

"काका," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी विचारलं, बोट कोणाला हवं होतं. तुम्ही काही बोलला नाहीत."

"मला," काका म्हणाले. या वेळी ते ओठांवरून परत गेलं नाही, कारण मागे काकू उभ्या होत्या. "गाडीला बोटाचं काय? माझी नजर घसरते, मॅडम. बोटानं धरून ठेवली तर राहते. म्हातारपणामुळे असेल."

"मी म्हातारी नाहीये," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या स्टेशनात दाखवा. बघू."

दहावं स्टेशन त्या गडबडीत कधीच मागे पडलं होतं. अकरावं आलं. काकांनी मुंग्या आलेला हात झटकला. आठ दिवसांनी बोट वर गेलं, आणि मागच्या सगळ्या डब्यानं श्वास सोडल्याचा आवाज झाला.

"फलाट मोकळा," काका म्हणाले, आणि मग नेहमीपेक्षा जरा जास्तच बोलले, कारण आठ दिवसांचं साठलं होतं. "चौथ्या दाराशी पाणी सांडलंय, कोणीतरी घसरेल. तिसऱ्या खांबाशी एक आजोबा बसलेत, त्यांची पिशवी वाटेत आहे. घड्याळ मागे आहे. चार मिनिटं असेल. थांबा आला."

मॅडमनी आपल्या मनगटाकडे पाहिलं, मग फलाटावरच्या घड्याळाकडे. "हे घड्याळ मागे कधीपासून आहे?"

"पाच महिने झाले. मी तीनदा कळवलं. पण आता गाडीसोबत्याचं कोण ऐकतं," काका म्हणाले, आणि तक्रार केल्यासारखं झालं म्हणून लगेच पुढे, "घड्याळ चांगलं आहे तसं. फक्त मागे आहे."

"दारं बंद," आजी मागून ओरडल्या. काकांचं राहूनच गेलं होतं. दारं मिटली. आजींनी विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे पाहिलं. आपल्या शब्दानं मिटली याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

मॅडम हसल्या. हसल्या की त्या अगदीच लहान दिसायच्या, म्हणून बहुधा हसत नसाव्यात. "हे बघा, याच्यावर उपाय काय? तुम्ही बोट दाखवा, माझी हरकत नाही. पण लोकांना वाटतं तुम्ही चालवता. पुन्हा पत्रं येणार."

"मग पाटी लावा," काकू म्हणाल्या. "घ्या लिहून. 'ही गाडी संगणक चालवतो. काका नुसते बघतात.'"

"काका हे पद नाहीये. 'गाडीसोबती केवळ निरीक्षण करतात,' असं लिहावं लागेल."

"कोणाला कळणार आहे ते?"

"नियमात तसंच आहे."

"नियम वाचायला कोणी गाडीत चढत नाही," काकू म्हणाल्या, आणि त्या दोघी बाराव्या स्टेशनापासून चौदाव्यापर्यंत एका वाक्यावर भांडत राहिल्या. मधल्या काळात काकांनी तीन फलाट मोकळे केले, आणि आपण पुढेच बसणार आहोत हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं. त्यांनी ते कोणाला बोलून दाखवलं नाही. फक्त चौदाव्या स्टेशनात "वाट मोकळी" म्हणताना त्यांचा आवाज जरा जास्तच वर गेला.

पाटी महिन्याभरानं लागली, मॅडमच्या शब्दांत. आजींनी ती चष्मा वर-खाली करत दोनदा वाचली आणि काकांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "बरोबर आहे, भाऊ. लिहावंच लागतं त्यांना." पडद्यांसमोरच्या त्या तिघांनाही पुढे मॅडमनी बोट दाखवून बोलायला लावलं. पहिले काही दिवस ते लाजून एकमेकांकडेच बोट दाखवत होते म्हणतात. पण हे सगळं नंतरचं.

त्या मंगळवारी भांडण संपल्यावर मॅडम पंधराव्या स्टेशनात उतरल्या. अकराव्याला परत जाऊन घड्याळाचं काय ते बघायचं होतं त्यांना. त्यांची पुढची जागा रिकामी झाली. काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बसू का इथे? की याचाही काही नियम आहे?"

"बस ना," काका म्हणाले.

काकू बसल्या आणि काचेकडे वाकल्या. जुन्या गाडीत चालकाच्या खोलीचं दार बंद असायचं, बाहेरच्याला आत मज्जाव. काकूंनी इतक्या वर्षांत नवऱ्याचा डबा भरला, शर्ट शिवले, पाळ्यांप्रमाणे झोपा मोडल्या, पण तो दिवसभर काय बघतो ते कधी पाहिलं नव्हतं. आता समोर रूळ अगदी पायाखालून निघून लांब जाऊन एक होत होते. उजवीकडे इमारतींच्या गच्च्या होत्या. एका गच्चीवर लाल रजई वाळत होती, दुसरीवर एक म्हातारा खुर्ची टाकून पेपर वाचत होता, आणि गाडी पाहून त्यानं पेपर खाली न ठेवताच हात हलवला. पुढे पूल आला. खाली नदी, तिच्यावर ढगाची सावली आणि सावलीतून बाहेर येणारी एक होडी. गाडी वळणावर कलली तसं सगळं शहरच एका कुशीवर झालं आणि परत सरळ झालं.

"इतकं सगळं दिसतं?" काकू म्हणाल्या.

"हो."

"रोज?"

"रोज. तो गच्चीवरचा माणूस गेली एकोणीस वर्षं हात करतो. आधी उभ्यानं करायचा."

"आणि मी संध्याकाळी विचारलं की आज काय विशेष, तर तुम्ही काय सांगायचात?"

काकांनी आठवून पाहिलं. "'नेहमीचंच,'" ते ओशाळून म्हणाले.

"नेहमीचंच!" काकू समोरून नजर न काढता म्हणाल्या. "सव्वीस वर्षं! माणसानं घरी आल्यावर एक गच्ची तरी सांगावी."

"मला वाटलं, तुला त्यात काय..."

"तुम्हाला फार वाटतं. ते काय आहे पुढे, उंच?"

"पाण्याची टाकी. तिच्यावर घारींचं घरटं आहे. थांब, आत्ता दिसेल." काका स्टेशनाचं विसरले आणि घरट्याकडे बोट दाखवून उभेच राहिले. गाडी आपली आपण अठराव्या स्टेशनात शिरली, थांबली, दारं उघडून मिटली आणि निघाली. मागून आजी काळजीच्या सुरात काहीतरी पुटपुटल्या, पण त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

शेवटचं स्टेशन आलं. सगळे उतरले. काकू उतरल्या नाहीत.

"अगं, उतर. तुझे गणवेश राहिलेत ना शिवायचे?"

"राहू देत. ही गाडी परत कधी निघते?"

"सहा मिनिटांनी. पण आता हे टोक मागे जाणार. पुढे बघायचं तर त्या टोकाला जायला हवं."

"मग चला की," असं म्हणून काकूंनी छत्री उचलली आणि त्या रिकाम्या गाडीतून भराभर दुसऱ्या टोकाकडे चालू लागल्या, पुढचं बाक दुसऱ्या कोणी धरायच्या आत.